कुठं करू सही?

रऊफभाईंची आठवण आली की मला आधी राग येतो. गहिवर वगैरे नंतर, आणि तोही आला तर. माझी बहीण म्हणते, एवढ्या भल्या माणसावर कसली चिडतेस? मी तिला सांगते, भल्या माणसावरच चिडता येतं बाई. वाईट माणसावर चिडून काय मिळणार, त्याचं तर सगळं वेळेवर झालेलं असतं.

शेख रऊफ आमच्या अमरावतीच्या कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर होते. कार्यालय सरकारी, शेतीशी संबंध असलेलं, एवढंच सांगते. नाव घेतलं तर या वयात मला खुलासा लिहीत बसावं लागेल. आस्थापनेचं टेबल म्हणजे नोकरी करणाऱ्यांची नोकरी सांभाळणारं टेबल. कोण कधी लागलं, कोणाची वेतनवाढ थांबली, कोण कोणाच्या वर, कोण खाली, हे तिथे ठरत नसे, पण तिथे लिहिलं जाई. आणि सरकारात लिहिण्यालाच किंमत. रऊफभाई म्हणायचे, "लिव्हलं नाई थे झालं नाई."

माणूस उंच, काटकुळा. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. एक स्वतः लिहायचं, दुसरं लोकांना सहीसाठी द्यायचं. ते देताना टोपण स्वतः काढून घेत, कारण लोक सही करून पेन टोपणासकट नेतात असा त्यांचा अनुभव होता. हाताशी स्टीलची फूटपट्टी. एखादा शब्द अधोरेखित करायचा तर पट्टीनेच. मोकळ्या हाताने ओढलेली रेघ त्यांना टोचायची. नागपुरी गेटकडून सायकलने यायचे आणि कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून बघायचे. अशा माणसाच्या हातून स्वतःच्याच बाबतीत एवढी ढिलाई व्हावी, हे मला आजही पटत नाही.

मी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले तेव्हा बावीस वर्षांची होते. नांदगाव खंडेश्वरहून सकाळच्या एसटीने आलेली, वडिलांनी दिलेली नवी पर्स छातीशी धरून उभी. बसायला खुर्ची नव्हती. रऊफभाईंनी माझे कागद घेतले आणि नाव विचारायच्या आधी जन्मतारीख विचारली. मी सांगितली.

"म्हन्जे छत्तीस वर्सं राह्यली," ते म्हणाले.

मला वाटलं, हा माणूस मला पहिल्याच दिवशी निवृत्त करतोय. त्यांनी ड्रॉवरमधून गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान काढलं, कोऱ्या बाजूने पसरलं आणि पट्टीने एक शिडी काढली. पाच पायऱ्या. सगळ्यात खाली लिहिलं, 'जात पडताळणी, या वर्षी'. मग 'विभागीय परीक्षा, पहिल्याच संधीत'. मग वरिष्ठ लिपिक, सहायक अधीक्षक, अधीक्षक. प्रत्येक पायरीसमोर महिना आणि वर्ष. शेवटच्या पायरीसमोर कंसात 'अकोला', आणि त्याच्यापुढे नुसतं 'चहा'.

"हे काय?" मी विचारलं.

"हे तुमची नौकरी."

"आणि चहा?"

"थो मले पाजजा, तिथी पोचल्यावर. हे पाहा ताई, नौकरी करनं येगळं अन् नौकरीत पुढं जानं येगळं. पयलं सरकार शिकवते. दुसरं कोनी शिकवत नाई, उलट दाबून ठेवते."

मला राग आला होता. उभं राहून पाय दुखत होते, आणि हे गृहस्थ मला तीस वर्षांनंतरची अकोल्याची खुर्ची दाखवत होते. पण ते पान मी घरी नेलं. आईने ते ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलं, जिथे ती देवादिकांचं काही लावत नसे, फक्त बाबासाहेबांचा फोटो होता. दोन्ही शेजारी शेजारी राहिले.

ही भविष्यवाणी नव्हती, साधा हिशोब होता. रऊफभाईंना साऱ्या विभागातल्या माणसांच्या जन्मतारखा पाठ होत्या. वाढदिवस म्हटला की लोकांना पेढे आठवतात, यांना रिक्त पद आठवे. आमच्या पिढीच्या आधीच्या अर्ध्या लोकांना गुरुजींनी शाळेत घालताना एक जुलै ही एकच तारीख लावून दिली होती. त्यामुळे दरवर्षी तीस जूनला निवृत्तीचे समारंभ हारीने लागत. सगळे नारळ आणि शाली मोजत, तेव्हा रऊफभाई कोपऱ्यात उभे राहून बोटांवर मोजत असत, कोण सरकणार, कुठे सरकणार. आणि मग ज्याचा नंबर लागणार त्याच्या टेबलाशी जाऊन हळूच सांगत, "तयारी ठेवजा. कागद पुरे करजा."

त्यांची स्वतःची शिडी टेबलाच्या काचेखाली होती. खालच्या सगळ्या पायऱ्यांवर बरोबरची खूण. सहायक अधीक्षक ते अकोल्यालाच झाले होते, तिथूनच अमरावतीला आले. राहिली होती फक्त वरची पायरी. आमच्या ऑफिसचे अधीक्षक ज्या तीस जूनला निवृत्त होणार होते तो महिना तिथे लिहिलेला होता. त्यानंतर त्यांची स्वतःची दोन वर्षं उरत होती आणि त्या दोन वर्षांत दुसरी जागा निघणार नव्हती. म्हणजे मिळाली तर तीच, एकदाच. का हवी होती, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे अब्बा याच ऑफिसात शिपाई होते. अधीक्षकांच्या खोलीबाहेरच्या स्टुलावर त्यांची नोकरी गेली.

"अब्बा भाइर बसले. मले आत बसायचं हाये. दोन वर्सं भेटली तरी पुरे. एवढीच बात हाये," ते म्हणाले आणि लगेच कोणाच्या तरी अर्जित रजेकडे वळले.

दुसऱ्यांच्या शिड्यांसाठी मात्र हा माणूस कुठवर जाईल याचा नेम नव्हता. आमचे एक ढोले होते, मोर्शीकडचे. माणूस कामाचा, पण जीव सगळा संत्र्याच्या बगिच्यात. त्यांना सहायक अधीक्षकाची बढती आली, अकोल्याला. ढोल्यांनी सरळ नकार लिहून दिला. बढती नाकारली की माणूस यादीतून बाहेर पडतो आणि मागून येणारे त्याच्या डोक्यावरून जातात, हे त्यांना कोणी नीट सांगितलंच नव्हतं. रऊफभाईंनी तो नकार आवक केला नाही, म्हणजे नोंदवहीत क्रमांक देऊन चढवला नाही. तसाच खिशात घातला आणि रविवारी मोर्शीची एसटी धरली. मलाही बरोबर घेतलं, कारण ढोलेवहिनींशी बोलायला बाईमाणूस पाहिजे होतं.

बगिच्यात खाटेवर बसून त्यांनी चार संत्री खाल्ली, तारीफ केली आणि मग खिशातून कागद काढला.

"ढोले, हे संत्रा दरसाल लागते काय?"

"लागते. दोन डाव लागते. आंबिया बहार अन् मृग बहार."

"अन् ज्येष्ठता?"

रऊफभाईंनी कागद त्यांच्यापुढे धरला.

"थे एकच डाव लागते. गळाली तं खाली पडते, मंग कोनी उचलत नाई. फाडा हे कागद. बगिचा वहिनी पाह्यते. तुमच्यापेक्षा चांगला पाह्यते, मले माईत हाये."

वहिनी दारातून म्हणाल्या, "हे खरं बोलले." कागद फाडला गेला. ढोले अकोल्याला गेले, तीन वर्षांनी परत अमरावतीला आले, आणि ज्येष्ठता यादीत रऊफभाईंच्या बरोबर खाली येऊन बसले. ही गोष्ट लक्षात ठेवा. मला ती विसरता येत नाही.

आता सेवापुस्तकाबद्दल सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. सरकारी माणूस लागल्यापासून सुटेपर्यंत त्याचं जे काही होतं ते एका जाड पुस्तकात लिहिलं जातं. ते पुस्तक ऑफिसात राहतं. दरवर्षी एकदा प्रत्येकाने ते पाहायचं आणि पाहिल्याची सही करायची. इतर ठिकाणी पुस्तकांचा गठ्ठा टेबलावरून फिरतो आणि लोक डोळे मिटून सह्या ठोकतात. रऊफभाईंकडे ते चालत नसे. मे महिन्यात, कूलर नुसता वारा ओकत असताना, ते एकेकाला समोर बसवत, पुस्तक पुढ्यात ठेवत आणि म्हणत, "वाचा. मी बसतो."

कोणी पानं भराभर उलटली की पट्टी पानावर आडवी येई. "घरची लग्नपत्रिका छापून आली तं मामाचं नाव सुटलं काय थे चार डाव पाह्यता. हे तं जलमभराचं हाये. वाचा."

आणि खरंच सापडायचं काही ना काही. कोणाची वेतनवाढ, कोणाच्या बापाचं नाव. ते लगेच दुरुस्त करत, हुकमाचा क्रमांक आणि तारीख टाकत, पट्टीने रेघ मारत आणि मगच सहीचं पेन पुढे करत. लोक वैतागत. मीही वैतागले होते. एवढ्या उन्हात हा माणूस आपल्याला आपलंच आयुष्य वाचायला लावतोय, असं वाटायचं.

त्यांचं स्वतःचं पुस्तक मात्र माझ्याकडे होतं. पुस्तकं लिहिणाऱ्याने स्वतःचं लिहायचं नाही, ते दुसऱ्याने लिहायचं, असा आमच्या ऑफिसचा रिवाज. मी वरिष्ठ लिपिक झाले, अगदी शिडीवरच्या महिन्यात झाले, त्या आठवड्यात त्यांनी ते पुस्तक माझ्या हातात दिलं. "मागचं सारं तपासून घेजा, ताई, अन् तपासलं म्हनून सही करजा," म्हणाले. मी सही केली. तपासलं नाही. मास्तरांची पाटी कोण तपासतं? साऱ्या विभागाच्या चुका काढणाऱ्या माणसाच्या पुस्तकात मी काय शोधणार होते?

दर मे महिन्यात ते सगळ्यांच्या शेवटी माझ्या टेबलाशी येत, उभ्यानेच विचारत, "कुठं करू सही?" मी पान काढून बोट ठेवी. ते तेवढीच ओळ बघत आणि सही करत. मागचं एक पान उलटत नसत. एकदा मी म्हटलं, "भाई, साऱ्या दुनियेला वाचायला लावता, स्वतःचं का वाचत नाही?"

ते अवघडले. "तुमी लिव्हलं ना? मंग म्या वाचनं म्हन्जे तुमच्यावर शक घेनं झालं. तुमच्याच समोर? बेअदबी होते."

मला तेव्हा फार बरं वाटलं. एवढा मान मला त्या ऑफिसात कोणी दिला नव्हता. अकरा वर्षं त्यांनी अशा सह्या केल्या आणि अकरा वर्षं मी त्या मानाने फुलून बसले. आज वाटतं, मान कमी दिला असता आणि पुस्तक उघडलं असतं तर काय बिघडलं असतं?

मग ती वर्षं आली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे साऱ्या देशाला वऱ्हाड पेपरातून कळलं ती वर्षं. आमच्या टपालात रोज एका नमुन्याचे कागद यायला लागले: मयताचं नाव, गाव, वय, कारण, आणि शेवटच्या रकान्यात मदतीला पात्र किंवा अपात्र. पॅकेजं जाहीर झाली, समित्या आल्या, गाड्या आल्या. अर्धा स्टाफ याद्यांवर बसवला. मीही दिवसभर याद्याच टाइप करायचे. रऊफभाई त्यांचं टेबल सांभाळून याद्याही तपासत. एखाद्या वयात खाडाखोड दिसली की उठून ऑफिसच्या मोठ्या साहेबांकडे जात, कारण त्या एका आकड्याने पुढचा रकाना बदलत असे. दुसऱ्याच्या कागदासाठी त्यांना साहेबांच्या दारात उभं राहायला कधी लाज वाटली नाही.

त्या धामधुमीत वरच्या कार्यालयाने अधीक्षकाच्या पदोन्नतीसाठी सेवापुस्तकं मागवली. माझ्याकडे दोन दिवस होते. मी ते दोन दिवस याद्या केल्या आणि रऊफभाईंचं आणि ढोल्यांचं पुस्तक होतं तसं गठ्ठ्यात बांधून पाठवलं.

महिन्याभराने पत्र आलं. विभागीय परीक्षा उत्तीर्ण झाल्याची नोंद सेवापुस्तकात आढळून येत नाही, सबब शेख रऊफ अपात्र. सोबत पुस्तक परत.

रऊफभाईंनी पत्र वाचलं. मग पट्टी त्या ओळीखाली ठेवून परत वाचलं. रेघ मारली नाही. म्हणाले, "पुस्तक आना, ताई."

अकरा वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघांनी ते मिळून उघडलं. अकोल्याचं ते वर्ष सापडलं. वर रजेची नोंद, खाली वेतनवाढीची, आणि मध्ये कोरी जागा. परीक्षा ते पहिल्याच संधीत पास झाले होते. अकोल्याच्या ऑफिसात हे सगळ्यांना इतकं माहीत होतं की त्यांची तिथली बढती नोंद न बघताच निघाली. लिहायचं मात्र राहून गेलं. आणि त्याच पुस्तकात पुढे माझ्या अक्षरात 'तपासले', आणि सही.

मी काही बोलणार होते, पण त्यांनी हात वर केला. "सही तुमची एकच हाये. खाली माह्या अकरा हायेत," ते म्हणाले. मला बोलले असते, दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तेवढंही त्यांनी केलं नाही.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता साहेबांकडे चला. साहेबांनी वर फोन केला तर यादी थांबेल, तोवर आपण अकोल्याहून निकालाचं पत्र आणू. ते उठलेही. केबिनपर्यंत गेले आणि परत आले. केबिनबाहेरच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याच्या दोन सुना बसल्या होत्या, हातात तोच नमुना.

"आज नाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाकावर दुसरं कोणी होतं. पुन्हा "आज नाई". असे नऊ दिवस गेले. शेवटी मी ओरडले, अख्ख्या हॉलसमोर. "भाई, बाहेर लोक मरतायत म्हणून तुमची ज्येष्ठता पण मारायची का?"

ते शांतपणे म्हणाले, "थे लोकं आपल्या मेलेल्या मानसासाठी बसून राह्यले. त्याइच्या पुढून मी माह्या खुर्चीसाठी आत जाऊ? पाय उचलत नाई, ताई. कावून रागावता?"

त्यांचं चुकत नव्हतं. पण मी आजही सांगते, बरोबरही नव्हतं. ते पाच मिनिटं आत गेले असते तर त्या बाकावरच्या माणसांचं काही हिरावलं जाणार नव्हतं. आपल्याकडे सज्जन माणसाला हे कोणी शिकवत नाही, आणि म्हणून वर जाणाऱ्यांत सज्जन सापडत नाहीत. ज्याने मला शिडी काढून दिली, त्याला तिच्यावर चढताना दुसऱ्याला कोपर लागेल याचीच भीती.

दहाव्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना जवळजवळ ओढत अकोल्याला नेलं. तिथल्या अभिलेख कक्षात, म्हणजे जिन्याखालच्या एका खोलीत, लाल फडक्यांचे गठ्ठे छतापर्यंत. खालच्या थराला वाळवी लागलेली. मी पदर खोचून एकेक गठ्ठा सोडत गेले. दुपारी तीनच्या सुमारास निकालाचं पत्र मिळालं. कडा खाल्लेल्या, पण नावं शाबूत. चौथं नाव शेख रऊफ. मी ओरडून त्यांना दाखवलं, तर हे आपलं नाव सोडून बाकीची वाचायला लागले. हा मूर्तिजापूरला गेला, हा तर वारला, ही बाई फार हुशार होती, हिने नोकरी सोडली. मी कागद हातातून काढून घेतला, नाहीतर ते तिथेच संध्याकाळ करते. साक्षांकित प्रत घेतली आणि त्याच दिवशी परतलो.

दुसऱ्या सकाळी प्रत घेऊन ऑफिसात गेलो तर ढोले जिन्यातच उभे. आदेश आला होता. अधीक्षक, अमरावती: ढोले.

ढोल्यांचे डोळे लाल होते. हातात कागद होता. "रऊफभाई, म्या नकार लिव्हला. हे घ्या, आवक करा. ही खुर्ची तुमची हाये. म्या बसत नाई तिथी."

रऊफभाईंनी कागद घेतला, वाचला, आणि आता ते शुद्धलेखनाची नाही तर दुसरी काही चूक काढतील असं मला वाटलं. त्यांनी तो चार घड्या घालून ढोल्यांच्याच खिशात ठेवला.

"तुमी नकार दिला तं जागा मले भेटत नाई, ढोले. रिकामी राह्यते. पुढच्या पदोन्नती समितीपर्यंत रिकामी. मोर्शीले काय सांगतलं होतं म्या? एकच डाव लागते. जा, रुजू व्हा. अहवाल मी टाइप करतो."

आणि त्यांनी केला. ढोल्यांच्या रुजू अहवालाची चारही प्रती त्यांनी स्वतः काढली, स्वतः सही घेतली, पेनाचं टोपण काढून. मी माझ्या टेबलाशी बसून बघत होते आणि मला त्यांची ती पट्टी उचलून खिडकीबाहेर फेकावीशी वाटत होती. पुढची दोन वर्षं ते त्याच टेबलावर होते. अधीक्षकांच्या खोलीत दिवसातून दहा वेळा फाइल घेऊन जायचे. ढोले बिचारे दर वेळी उठून उभे राहायचे. तेही त्यांनी एक दिवस बंद करवलं. "साहेब, तुमी उठता तं लोकं पाह्यतात," म्हणाले. काचेखालची शिडी त्यांनी काढली नाही. वरच्या पायरीवर खूणही केली नाही.

निकालाची प्रत सापडल्यामुळे एक दार उघडं होतं. चूक कार्यालयाची असेल तर जुन्या तारखेपासून बढती झाली असं कागदावर मानता येतं. तो अर्ज मी माझ्याच हाताने लिहून, चूक तिथली म्हणून अकोल्याच्या कार्यालयामार्फत वर पाठवला होता. ते निवृत्त झाले तरी उत्तर नव्हतं. पत्र गेलं की कोणी तरी सांगे, सध्या पॅकेजचं काम आहे. पॅकेज संपलं तर दुसरं आलं. रऊफभाई दर सहा महिन्यांनी स्मरणपत्र पाठवत, आणि त्यावर अनुक्रमांक घालत: स्मरणपत्र क्रमांक दोन, तीन, चार.

मी अधीक्षक झाले. अकोल्याला. शिडीवर लिहिलेल्या वर्षात, महिना फक्त पुढे-मागे. ट्रंकेच्या झाकणावरचं पान पिवळं पडलं होतं, पण अक्षर वाचता येत होतं. मला आनंद झाला असेल असं लोकांना वाटलं. झाला होता थोडा. पण खुर्चीत बसले आणि पहिल्यांदा काय आठवलं असेल तर ती कोरी जागा, रजा आणि वेतनवाढ यांच्या मधली.

रुजू झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी दारात रऊफभाई. पाठीत वाकलेले, शर्ट तोच पांढरा, खिशाला अजून दोन पेनं. मी उठले, तर म्हणाले, "बसा. लोकं पाह्यतात." हातात अर्ज होता. मी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिला नाही.

"आधी आवक करतो. नंबर पडू द्या. तुमच्या हाती देल्ला तं खासगी होते."

खाली जाऊन आवक करून, क्रमांक टाकून आणला. स्मरणपत्र क्रमांक सात. मग खुर्चीच्या कडेला बसले. "चहा प्यायले आलो," म्हणाले. मी चहा मागवला. दोन घोट त्यांनी शांतपणे घेतले. खोली पाहिली, पंखा पाहिला, बाहेरचं स्टूल पाहिलं. मला वाटलं आता काही तरी बोलतील, अब्बांबद्दल, ढोल्यांबद्दल, मला तरी चार शिव्या देतील.

ते म्हणाले, "तुमचं पुस्तक कोन लिव्हते, ताई?"

"आस्थापनेला बोर्डे मॅडम आहेत. हुशार आहेत फार."

"यंदा पाह्यलं?"

"सही केली ना रुजू झाल्यावर."

"उघडून?"

बोर्डे मॅडम नव्या होत्या, मनाने हळव्या. त्यांच्यासमोर बसून त्यांनी लिहिलेलं तपासायचं मला बरं वाटलं नव्हतं.

रऊफभाईंनी कप खाली ठेवला. "बोलवा पुस्तक."

पुस्तक आलं. त्यांनी हात लावला नाही. माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "वाचा. मी बसतो."

भेटायला आलेले लोक दारात ताटकळत होते, आणि मी त्या माणसासमोर शाळेतल्या मुलीसारखी पान पान वाचत होते. रुजू झाल्याची नोंद. जात पडताळणी. आणि मग माझ्या विभागीय परीक्षेची. रऊफभाईंच्या अक्षरात होती. निकालपत्राचा क्रमांक, तारीख, यादीतला माझा अनुक्रमांक, खाली पट्टीने मारलेली सरळ रेघ. निकाल लागला त्याच दिवशी लिहिलेली. एक दिवसही त्यांनी ती राहू दिली नव्हती.

मला पुढचं दिसेना. मी तशीच वाचत राहिले, शेवटपर्यंत, कारण ते बघत होते. चूक काही नव्हती. मी मान वर केली तेव्हा त्यांनी खिशातलं दुसरं पेन काढलं होतं आणि टोपण काढून ते माझ्यापुढे धरलं होतं.

"मंग करा सही."

मी केली. त्यांनी पेन परत घेतलं, टोपण लावलं, आवक क्रमांकाची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. गाडीची वेळ झाली म्हणाले. मी जिन्यापर्यंत गेले. त्यांच्या अर्जाचं काय होईल ते मी सांगू शकत नव्हते आणि त्यांनीही विचारलं नाही. कठडा धरून ते अर्धा जिना उतरले, तेवढ्यात खालून चार-पाच कर्मचारी फाइली घेऊन वर यायला लागले. रऊफभाई भिंतीला लागून उभे राहिले. सगळे वर गेले. मग ते उतरले.